बाईंच्या नावाची खोली आणि वाण्याची म्हैस

बाई,

दवाखान्यातून घरी आल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशीच वाद घालतेय, म्हणून म्हटलं सरळ कागदच पुढं ओढावा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील. तेव्हा तुमचं वय जेवढं होतं तेवढं आज माझं असावं. नक्की सांगता येत नाही, कारण तुमचं वय आम्हाला कधी कळलंच नाही. पांढरं पातळ नेसलेली, कपाळ मोकळं असलेली बाई आम्हा पोरांना म्हातारीच वाटायची. मी पूर्णेला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स आहे. नवरा गार्ड आहे, दोन मुलं आहेत, माय माझ्यापाशीच असते. हे सगळं बाईंमुळं झालं असं लोक म्हणतात, मीसुद्धा म्हणते. आणि तरी परवा तुमच्या नावानं पैसे मागायला माणसं दारात आली तेव्हा मला माझी पर्स सापडेना. पर्स समोर खुंटीलाच होती.

आले होते दोघं. एक शाळेचे आताचे हेडमास्तर, ते नांदेडकडचे, त्यांना तुमची काही माहिती नाही. दुसरा आपल्या गावच्या पाटलाचा मुलगा. माझ्याच वर्गातला, सतराचा पाढा म्हणताना मधेच अडायचा आणि उत्तर आढ्याला टांगल्यासारखा वर बघायचा, तोच. आता त्याला टक्कल पडलंय आणि तो शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. दोघं माझ्या क्वार्टरमध्ये खाटेवर बसले, मी चहा केला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. पाटलाच्या मुलानं तर अजून अर्धा कप मागून घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. त्याच्या बापानं आमच्या वस्तीकडून वारा आला तरी तोंड फिरवलं असतं. काळ बदलला म्हणतात तो असा, बशीतून फुरका मारत बदलतो.

"ताई, आपली शाळा पडायलीय," तो म्हणाला. "कुडाच्या भितीतून साप निघायलेत. दोन खोल्या पक्क्या बांधायचं ठरलंय. त्यातल्या एका खोलीला बाईचं नाव द्यावं म्हून आमच्या मनात हाय. तुमी बाईच्या लाडक्या. तवा पहिलं तुमच्याकडंच आलाव."

मग हेडमास्तरांनी दर सांगितले. एक्कावन्न रुपये दिले तर झेंडावंदनाच्या दिवशी नाव वाचून दाखवणार. पाचशे एक दिले तर भिंतीतल्या फरशीवर कोरणार. आणि दोन हजार दिले तर ती अख्खी खोली बाईंच्या नावाची, आणि दाराच्या चौकटीवर देणाऱ्याचं नाव. सांगताना ते बिचारे लाजत होते. पाटलाच्या मुलाला लाजण्याची सवय नाही. तो हेडमास्तरांना म्हणाला, "सर, हिच्यापायी माझ्या बापानं मला आठ दिस घरी बसवलं हुतं. तवापून माझा पाढा कच्चा." आणि स्वतःच हसला. हेडमास्तरांना हसावं की नाही ते कळेना, ते चहावर फुंकर मारत राहिले. चहा तोवर गार झाला होता.

ते आठ दिवस तुमच्यामुळंच झाले. मी माझं पोतं घेऊन दाराशी बसायचे, उंबऱ्याच्या आत की बाहेर ते मलाही ठरवता यायचं नाही. पावसाची झड आली की अर्धी पाटी भिजायची. तुम्ही आमच्या गावात नवीन होता, कृष्णेकाठच्या. पोलीस ॲक्शननंतर उर्दू जाऊन मराठी आली तेव्हा तिकडून मास्तर मागवले, त्यात तुम्ही आलात, एकट्या, एक ट्रंक घेऊन. एक दिवस तुम्ही काही न बोलता माझं पोतं उचललंत आणि तुमच्या टेबलाच्या पायाशी अंथरलंत. म्हणालात, "इथं बस. मला तुझं अक्षर दिसलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. पाटील स्वतः आले. तुम्ही खुर्चीवरून उठलातही नाही. "मुलाला न्यायचं असेल तर दाखला लिहून ठेवला आहे," एवढंच म्हणालात. मी टेबलाखालून तुमचे पाय बघत होते. ते थरथरत होते. वरचं अंग मात्र दगडासारखं. हे मी कधी विसरले नाही. म्हणून पुढचं कुठं ठेवावं तेच मला समजत नाही.

डब्याचं सांगते. कवायत करताना मला घेरी आली. तुम्ही सावलीत बसवून विचारलंत, सकाळी काय खाल्लंस? मी म्हटलं, काई न्हाई. काल रात्री? त्यालाही मी मान हलवली. तुम्ही माझ्यावरच चिडलात, "उपाशी यायचं आणि वर कवायत करायची, हा कुठला शहाणपणा?" आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी माझ्यासाठी तुमच्या घरून डबा येऊ लागला. छोटा पितळी पेढेघाटी डबा, झाकणावर पोचा आलेला. त्यात गव्हाची पोळी, तिला तूप, कधी गुळाचा खडा, कधी तुमच्याकडचं ते मेतकूट कालवलेला भात. आमच्या घरी ज्वारीची भाकर मिळाली तर सण. पोळीचं तूप बोटांना लागायचं आणि मी दिवसभर हात धुवायची नाही, पाटीवरच्या अक्षरांवरसुद्धा तुपकट डाग पडायचे. तुम्ही रागवायचात. संध्याकाळी मी डबा घरी नेऊन घासायची आणि सकाळी शाळेत जाता जाता तुमच्या ओट्यावर ठेवायची.

पण मायनं तो एक दिवसही रिकामा जाऊ दिला नाही. शेजारून भाजीची वाटी आली तर परत जाताना त्यात चिमूटभर साखर तरी असते, ही चाल कुणाकडे नाही? आमच्याकडे साखर कुठली. माय रोजानं जायची, मजुरीत मूठपसा जे मिळे त्यातलं काढायची. मूठभर हुलगे, ओंजळभर ज्वारी, अंबाडीची पानं, बोरं. आणि माघात हरभऱ्याचे घाटे. पहिल्या दिवशी मी झाकण उघडून दाखवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे काय?" मी म्हटलं, "माय म्हणली, रिकामं भांडं देऊ न्हाई." मग म्हणालात, "ठेव तिथं." मी झाकण लावून ओट्यावर ठेवला. तुम्ही तांब्यातून त्यावर पाणी ओतलंत आणि मग उचललात. आता, वापरलेलं भांडं कोण धुवत नाही? मीही धुते. फक्त झाकण न काढता, बाहेरच्या बाहेर कुणी धुवत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही, पुष्कळ वर्षांनी दवाखान्यात हात धुताना सुचलं.

एकदा तुम्ही मला खडूची पेटी आणायला घरी पाठवलंत. तुम्ही वाण्याच्या घरात मागची एक खोली भाड्यानं घेऊन राहत होता. पेटी ओट्यावरच होती, पण मागून म्हैस काहीतरी कुरुकुरु खात असल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. गव्हाणीत कडब्यावर आमचे घाटे होते. आमचेच, कारण त्या दिवशी डब्यात मावेनात म्हणून मायनं घाटे लगडलेल्या ढाळ्यांची एक जुडी वरून दिली होती, लुगड्याच्या हिरव्या काठाच्या चिंधीनं बांधून. ती चिंधी म्हशीच्या तोंडातून लोंबत होती. म्हैस माझ्याकडे बघत निवांत चघळत होती. मी पेटी घेऊन शाळेत आले. तुम्ही म्हणालात, शाब्बास, लवकर आलीस.

त्यानंतर मी डबा घेतला नाही. पोटात आग पडायची, पण घेतला नाही. तुम्ही भर वर्गात बोललात, "अन्नावर राग काढायचा नाही. राग असेल तर तोंडानं सांगायचा." मी तोंड उघडलं नाही. तोंडानं काय सांगणार होते? तुमच्या पोळ्या खाल्ल्या आहेत, तुमच्या टेबलापाशी बसले आहे, आणि माझी तक्रार काय, तर मूठभर घाट्यांची. आजही हे कागदावर लिहिताना ती तक्रार लहानच दिसते. छातीत मात्र लहान नाही.

मग तुम्ही आमच्या वस्तीवर आलात. ही गोष्ट गावानं पुष्कळ दिवस चघळली. दुपारचं ऊन आहे, तुम्ही पहिल्या घराच्या अलीकडे बाभळीपाशी उभ्या आहात, पदर डोक्यावर, चेहरा लाल. माय हात पुसत बाहेर येते. तुमच्यात चार पावलांचं अंतर आहे आणि ते कुणीच कमी करत नाही.

"तुमची मुलगी डबा घेत नाही," तुम्ही म्हणता.

"पोरगी खुळी हाय, बाई. उद्यापून घील."

"तिच्या मनाला काहीतरी लागलंय."

"लेकराच्या मनाला काय लागतंय? लेकराला भूक लागती."

तुम्ही जरा खाली बघता. मग म्हणता, "आणि तुम्ही त्या डब्यात काही घालत जाऊ नका. तुमच्याच घरात कमी आहे."

मायची मान तेव्हा ताठ झालेली मी पाहिली. "रिकामं भांडं कसं लावून देऊ, बाई? आमच्यात तसं न्हाई चालत."

तुम्हाला तहान लागली होती. तुम्ही पुन्हा पुन्हा ओठांवरून जीभ फिरवत होता. घरात मडकं भरलेलं होतं. तुम्ही पाणी मागितलं नाही आणि मायनं विचारलं नाही. मागितलं असतं तर तिनं दिलं असतं का? विचारलं असतं तर तुम्ही प्यायला असतात का? तुम्ही तशाच कोरड्या तोंडानं परत गेलात. माय तुमच्या पाठीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "घाटे लय ग्वाड लागले आसतील तिला. म्हून तर एवढ्या उन्हाची आली." मी दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊ लागले. मायच्या तोंडावर जी कळा आली होती ती मोडायची माझी छाती झाली नाही.

पुढं तुम्हीच धडपड करून मला परभणीच्या वसतिगृहात घातलंत. मोटारीपाशी आलात, डबा हातात दिलात, लाडू होते. "सुट्टीत येताना डबा आण," म्हणालात. सुट्टीत मी डबा घासून, मायकडून तीळ मागून भरून ठेवला आणि मग कळलं की तुम्ही तापानं गेलात, तुमचा कुणी पुतण्या येऊन ट्रंक घेऊन गेला. तीळ आम्ही खाल्ले. डबा माझ्याकडे राहिला. पुढं आम्ही धर्म बदलला, मायनं देव नेऊन नदीत सोडले, उपासतापास सोडले, पण रिकाम्या भांड्याची चाल काही सोडली नाही. अजूनही शेजारच्या क्वार्टरमधून ताटली आली की ती डबे धुंडाळत बसते.

तर परवा ती माणसं गेल्यावर माय आतून बाहेर आली. सगळं ऐकलं होतंच.

"दोन हजार दे," ती म्हणाली.

"माय, प्लॉटचे हायत ते. किती वर्षं साठवलेत."

"प्लॉट काय पळून चाललाय? त्या बाईनं आपलं खाल्लंय. आपल्या घरचं खानारी त्या गावात ती एकटी. ज्यानं आपलं खाल्लं त्याचं नाव लावायला हात आखडायचा न्हाई."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुझी शाळा, तू बघ," आणि शिट्टी घेऊन गाडीवर गेला. मी आपली उलटसुलट विचार करत राहिले. शाळेला द्यायचं म्हणजे नक्की कुणाला द्यायचं? ज्या शाळेत मला वरून धार धरून ओंजळीत पाणी पाजायचे ती हीच शाळा. पाटलाची शाळा तीच, तुमचीही तीच. एक्कावन्न दिले तर मी कंजूष आणि कृतघ्न. पाचशे एक दिले तर पाटलाच्या नावाखाली फरशीवर आमचं नाव, बघायला गावातून पोरं येतील, तेही बरं वाटतं आणि बरं वाटल्याचा राग येतो. दोन हजार दिले तर तुमचं नाव, आणि तेही माय समजते त्या कारणासाठी, जे कारण खरं नाही. नाही म्हटलं तर मायला खरं सांगावं लागणार. आमच्या वॉर्डात एक म्हातारी होती, माझ्या हातचं इंजेक्शन घ्यायची, गोळ्या घ्यायची, आणि पाणी मात्र सुनेनं आणलं तरच. मी तिच्यावर कधी रागावले नाही. तुमच्यावरच का एवढी रागावते, याचं उत्तर मला येतं आणि द्यायचं नाही.

शेवटी रजा टाकली आणि गावाला निघाले. घरी सांगितलं, शाळेची अवस्था बघून येते. पिंगळी गेलं, परभणीला गाडी बदलली, गंगाखेडला उतरून राणीसावरगावकडची बस धरली, आणि शाळेवरून सरळ पुढं वाण्याच्या घरी गेले. वाणीण अजून आहे. डोळ्यांना कमी दिसतं, जीभ शाबूत आहे.

"कोन? वस्तीतली? ती डब्याची पोरगी?" तिनं हात पुढं करून माझं मनगट चाचपलं. "सिस्टर झालीस म्हनं. माझ्या गुडघ्याला काय तरी दे की मग."

मी गोळ्या दिल्या. मग विचारलं, "मावशी, बाई आमच्या घरचं धान्य काय करायच्या?"

"काय करनार? म्हशीला घालायची."

अगदी सहज म्हणाली. तीच बोलत राहिली. "मीच सांगितलं हुतं पहिल्या दिशी, माझ्या घरात ते चुलीपाशी न्यायचं न्हाई म्हून. घर माझं हुतं, बाय. तवा तसंच चालायचं."

"म्हणजे तुम्ही अडवलं म्हणून? नाहीतर त्यांनी खाल्लं असतं?"

"आता तिच्या मनातलं मला काय म्हाईत? मी न्हाई म्हणलं, ती बी व्हय म्हणली. भांडली न्हाई. पर लय हिशोबी बया. म्हणली, तुमच्या म्हशीला मी चारते, तर रोज थोडं दूध माझ्याकडं द्यायचं. मी म्हणलं, ने. तुज्या मायच्या घाट्यावर माझी म्हैस बी लय खूश." वाणीण हसली, दात नसल्यामुळं तोंड लहान मुलासारखं झालं. "मग ती विरजन लावायची, रवी घेऊन घुसळत बसायची. तूप सगळं तुज्या पोळीला. आन आपुन ताक प्यायची. उन्हाळ्यात तर नुसत्या ताकावर राहायची. मी म्हणायची, बाई, तुमी वाळून काटकी झालात, घ्या की जरा तूप. तर म्हणायची, मला पचत न्हाई."

"खरंच पचत नव्हतं?"

"मला काय म्हाईत? कधी खाऊन बघितलं आसतं तर कळलं आसतं."

परतीच्या बसमध्ये मला आधी हसू आलं. शेजारची बाई टोपलं सरकवून जरा लांब बसली. मग रडू आलं, आणि गंगाखेड येईपर्यंत चांगलाच राग आला. दुधाची तहान ताकावर भागवतात हे ऐकलं होतं. आमच्या घरची चव तुम्ही ताकावर भागवलीत. मूठभर हरभरा थेट तोंडात टाकणं जमलं नाही. त्याला म्हशीच्या पोटातून काढलं, दूध केलं, दही केलं, घुसळलं, तेव्हा कुठं तो तुम्हाला चालला. तुमच्या आणि माझ्यामध्ये एक म्हैस लागली, बाई. पाटलाला दाखला दाखवणाऱ्या तुम्ही, वाणिणीला दोन शब्द बोलू शकला नाहीत? आणि ज्या बाईला घाटे फेकूनच द्यायचे असतात, ती रवी घेऊन बसते का? त्यातलं चांगलं माझ्या पोळीवर आणि उरलेलं स्वतःला, हा हिशोब कुणाचा असतो? आईचा असतो. मग आईनं भांड्यावर पाणी का ओतावं? एकदा वाटतं तुम्हाला ओळखलं, तेवढ्यात दुसरं आठवतं. कुठल्या बाईंच्या नावाची खोली बांधायची आहे, हे मला त्या लोकांना विचारायचं होतं.

घरी आले तर माय दारात तूर निवडत बसली होती. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही, आणि चपला काढता काढता सांगून टाकलं.

ती ऐकत राहिली. सुपातला हात थांबला.

"मंजी तिनं तोंडात घातलंच न्हाई?"

"न्हाई."

"आन तूप तू खाल्लंस."

"व्हय."

"आन तिनं नुस्तं ताक."

"व्हय, माय."

मला वाटलं आता ती शिव्या देईल. वीस वर्षांचं समाधान मी तिच्या हातातून काढून घेतलं होतं. तिनं सुपातला एक खडा वेचला, बाहेर टाकला आणि म्हणाली, "मग गं, तिचं भांडं तर इतके दिस रिकामंच गेलं की. मी दिलेलं माझ्याच पोरीच्या पोटात आलं. बाईच्या पदरात काय पडलं?"

मीच चिडले. "तुला राग येत न्हाई का? म्हशीला घातलं तिनं आपलं."

"येतो की. का न्हाई येनार? आगं, उपाशी राहून काढलेलं हुतं ते." तिनं सुपातली तूर एकदा पाखडली. "पर राग येगळा आन भांडं येगळं. दे भरून."

एवढं बोलून ती पुन्हा तूर निवडू लागली. तिच्यापुरतं ते प्रकरण मिटलं. ती तशीच आहे, तुम्ही बाभळीखाली पाहिलीत तशीच. रात्री भाकरी करताना मात्र तिनं एकदा विचारलं, "ताक तरी आंबट न्हवतं ना गं?" आणि मी सांगितलं, मला माहीत नाही.

माझं मिटलेलं नाही. रविवारी ते दोघं पुन्हा येणार आहेत. स्टेशनबाहेर ढाळे विकायला आलेत. आज ड्युटीवरून येताना दोन जुड्या घेतल्या, घाटे तोडले आणि तुमच्या डब्यात भरून ठेवले, वरून ओलं फडकं टाकलं म्हणजे रविवारपर्यंत सुकणार नाहीत. डबा चिंचेनं घासला तरी झाकणाचा पोचा तसाच आहे. या वेळी मी चहा ठेवणार नाही. चहा आता सगळेच सगळीकडे पितात. डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवणार आहे आणि दोघांच्या हातांकडे बघत बसणार आहे. किती द्यायचं ते हात कुठं जातो त्यावरून ठरवणार. शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं का, ते तुम्ही मला विचारू नका. हे मायलाही सांगितलेलं नाही.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, ते खाणार नाहीत अशी भीती मला वाटतच नाही. पाटलाचा मुलगा गप्पा मारत निम्मा डबा संपवेल, सालपटं खाटेखाली टाकेल आणि अजून आहेत का विचारेल. तो आहेच तसा. मग मला दोन हजार द्यावे लागतील, खोलीवर तुमचं नाव लागेल, आणि माय समाधानानं झोपेल. माझं काय? तुमच्यावरचा हा राग मी इतकी वर्षं सांभाळला, बाई, तुमचा म्हणून एवढाच आणि हा डबाच काय तो माझ्याकडे उरला होता. हा भरलेला डबा त्यांच्यापुढं आणि राग तुम्हाला, दोन्ही एकाच रविवारी द्यायला माझा हात होत नाहीये.